बसलेल्या खेळाडूचा फोटो

“बसलेला एकपण नाही व्हय, मावशी?” तिने विचारलं आणि कॅमेऱ्याच्या बटणावरचा माझा अंगठा थांबला. खो-खोचा सामना नुकताच संपला होता. मैदानाच्या चारी कोपऱ्यांतले दिवे अजून चालू होते आणि त्या उजेडात लाल धूळ काही खाली बसायला तयार नव्हती. तिच्या कोपराला माती चिकटलेली, गुडघ्यावरची पट्टी सुटून पोटरीवर आलेली, वेणी पार विस्कटलेली. माझ्या खांद्याला खांदा लावून ती वाकून पाहत होती आणि मी तिचे फोटो एकेक करून पुढे सरकवत होते. सूर मारताना जमिनीला समांतर झालेली ती, खांबाला धरून गर्रकन वळताना ती, पुढच्या मुलीच्या पाठीला तिच्या बोटांची टोकं लागतात तो क्षण. शेवटच्या फोटोवर माझा फार जीव होता. तिने तो पाहिला, मान डोलावली आणि मग हे विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांच्या सरांनी हाक मारली आणि ती पळाली.

नऊ जणी आक्रमणाला उतरतात, त्यातल्या आठ जणी कुठल्याही क्षणी बसलेल्याच असतात. एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. गर्दीतून पाहणाऱ्याला ती नुसती रांग वाटते. मैदानाच्या कडेला पोटावर झोपून पाहिलं की कळतं, त्यातली एकही निवांत बसलेली नसते. सगळं वजन चवड्यांवर, हाताची बोटं मातीत रोवलेली, मान खांद्यावरून जेमतेम वळलेली, आणि कान मागून येणाऱ्या पावलांकडे. खो ऐकू आला की ती उठते ती धावतच. त्या रात्री ती मुलगी जेवढा वेळ धावली, त्याच्या कितीतरी पट वेळ अशी बसून होती. तिच्या लेखी खेळाचा मोठा भाग तोच, आणि मी दाखवलेल्या फोटोंत त्याचा मागमूस नव्हता. लांब पल्ल्याची लेन्स हातात असली की डोळा आपोआप धावणाऱ्याच्या मागे जातो. ज्याच्यासाठी एवढं मोठं भिंग घेतलं ते हेच, असं हाताला वाटत राहतं.

तिचा प्रश्न डोक्यात घेऊन मी सध्या लोकांच्या दुसऱ्याच एका प्रश्नाला उत्तरं देते आहे. दिवाळी सरली, थंडी पडू लागली की मला फोन सुरू होतात. कुणाचा मुलगा तालुक्याच्या कबड्डी संघात निवडला गेलेला असतो, कुणाची बायको हौशी नाट्य स्पर्धेतल्या नाटकात असते, कुणाच्या नातीचा कथकचा पहिला कार्यक्रम असतो. घरात एक साधा कॅमेरा असतो, सोबत मिळालेली छोटी लेन्स असते, तिच्यातून लेकरू मुंगीएवढं दिसतं. मग प्रश्न येतो: टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स, घ्यायची आहे, किती एमएमची घेऊ? दोनशेची पुरेल की तीनशेची? प्रत्येकाला अंतराची काळजी असते. मी उलट विचारते, सामना किती वाजता सुरू होतो? पलीकडचा माणूस गोंधळतो. पण माझ्या मते लेन्सची निवड इथूनच सुरू व्हायला हवी.

कारण दुपारी चारच्या उन्हात 70-300 एमएमची स्वस्तातली लेन्स इतकं छान काम करते की जास्तीचा एक रुपयाही घालवू नये. शाळेचं स्नेहसंमेलन, आंतरशालेय स्पर्धा, नदीकाठच्या मैदानावरचा रविवारचा क्रिकेटचा सामना, सगळं तिच्यात येतं. घोळ होतो तो सूर्य मावळल्यावर, आणि आपल्याकडची कबड्डी-खो-खोची खरी रंगत सूर्य मावळल्यावरच असते. माणसं कामावरून घरी येतात, जेवून मैदानावर जमतात, प्रकाशझोतातले सामने रात्री उशिरापर्यंत चालतात. टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यांचा उजेड वेगळा. तो कॅमेऱ्यांसाठीच पाडलेला असतो, त्यामुळे मॅटवर कुठे काळोखा कोपरा राहत नाही. गावच्या मैदानावर चार खांबांवर जेवढे जमले तेवढे दिवे असतात. दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात पोचलेल्या खेळाडूचा चेहरा अर्धा उजळ आणि अर्धा विझलेला दिसतो.

अशांतल्या त्यातल्या त्यात बऱ्या उजेडाच्या मैदानावर एफ 2.8 ला (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त), आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 3200 ठेवून, मला 1/500 सेकंदाचं शटर जेमतेम मिळतं. धावणारं माणूस गोठवायला तेवढं लागतंच. सूर मारणाऱ्याचे हात स्पष्ट हवे असतील तर 1/1000 हवं. आता तिथेच 70-300 ची लेन्स 300 वर ताणा. ती एफ 5.6 वर जाऊन बसते. 2.8 आणि 5.6 या आकड्यांत दुपटीचा फरक दिसतो, पण उजेडाचा हिशेब वर्गाने चालतो, त्यामुळे आत येतो तो फक्त चौथा हिस्सा. मग एक तर आयएसओ 12800 करायचा आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे सोसायचे, नाही तर 1/125 वर उतरायचं आणि पोरीचे पाय पुसून गेलेले पाहायचे. दुकानात काचेच्या कपाटासमोर, भर दिव्यांत, रस्त्यापलीकडची पाटी वाचून लेन्स पसंत करणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही.

मोठ्या अ‍ॅपर्चरच्या (म्हणजे उजेड येण्याचं भोक मोठं असलेल्या) लेन्स इतक्या महाग आणि जड का, हेही एका भागाकारात समजतं. लेन्सच्या लांबीला (तिच्यावर लिहिलेल्या एमएमच्या आकड्याला, म्हणजे केंद्रांतराला) उजेड येण्याच्या भोकाच्या व्यासाने भागलं की एफचा आकडा मिळतो. उलटीकडून, 200 ला 2.8 ने भागा, 71 मिलिमीटर येतात. एवढ्या रुंदीची काच, एक नव्हे, अनेक, एकामागे एक बसवायच्या, त्या आतल्या आत झरझर हलवून फोकस साधायचा. म्हणून 70-200 एफ 2.8 प्रकारातल्या बहुतेक जुन्या लेन्स दीड किलोच्या आसपास भरतात. 300 ला 2.8 हवं असेल तर व्यास 107 मिलिमीटर होतो आणि वजन अडीच-तीन किलोवर जातं. तेच 85 ला 1.8 ने भागलं तर 47 मिलिमीटर. निकॉनची 85 एमएम एफ 1.8 जी अवघी 350 ग्रॅमची आहे. कॅननची 1992 पासूनची 85 एफ 1.8 आहे 425 ग्रॅमची. एफ 5.6 च्या तुलनेत या छोट्या लेन्समधून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. या 85 वर माझं प्रेम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

85 म्हटल्यावर लोक हिरमुसतात. एवढ्याशा लांबीत काय दिसणार?

पण कबड्डीचं मैदान केवढं असतं ते डोळ्यांसमोर आणा. पुरुषांचं 13 मीटर बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8. अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्याजवळ मांडी घालून बसलं की ‘निदान रेषे’पर्यंत (बॉक लाइनपर्यंत) आलेला चढाईपटू सहाएक मीटरवर असतो, आणि त्याचं तोंड आपल्याकडे असतं. साध्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर 85 लावली की त्या अंतरावर कंबरेपासून वरचा माणूस चौकट भरून येतो. दम धरलेले गाल, हलणारे ओठ, बचावपटूच्या घोट्याकडे गेलेली नजर. 300 लावली तर तिथे फक्त एक कान दिसेल. अर्थात उघड्या अ‍ॅपर्चरची किंमतही मोजावी लागते. सहा मीटरवर 1.8 ला स्पष्टतेची खोली भरते जेमतेम दीड वीत. चढाईपटूचा पुढे आलेला हात स्पष्ट आला तर चेहरा मऊ होतो, चेहरा आला तर बोटं विरघळतात. मी चेहरा घेते. बोटं कुठे चालली आहेत ते चेहऱ्यावर कळतंच. आणि त्याच उथळपणामुळे मागचे फ्लेक्सही विरघळून जातात. आपल्याकडच्या मैदानावर प्रत्येक खेळाडूच्या डोक्यामागे हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग असते. ती रंगांचा एक मऊ पडदा होऊन गेली की पोराचा चेहरा त्याचा एकट्याचा राहतो. या एका गोष्टीसाठीही मी मोठं अ‍ॅपर्चर घ्या म्हणेन.

खो-खोचं मैदान मोठं, 27 मीटर बाय 16 मीटर. तिथे 85 खांबाजवळ बसणाऱ्याला पुरते, कारण आक्रमकाला खांबापर्यंत आल्याशिवाय दिशा बदलता येत नाही आणि त्यामुळे अर्धा खेळ तुमच्याकडे आपल्या पायांनी चालून येतो. मात्र बाजूच्या रेषेवर बसून मधल्या चौकोनांतलं टिपायचं असेल तर 135 ते 200 हाताशी हवी. क्रिकेटला यातलं काहीच लागू होत नाही. सीमारेषेवरून खेळपट्टी साठ-सत्तर मीटर लांब असते आणि तिथे 400 सुद्धा अपुरी वाटते. तिथे लांबीच हवी, आणि सुदैवाने तिथे बहुधा ऊन असतं. म्हणून “खेळासाठी कुठली लेन्स” या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठला खेळ, कुठे बसायला मिळतं, दिवस की रात्र, एवढं कळल्याशिवाय सल्ला देणारा माणूस अंदाजाने बोलत असतो.

त्या मुलीच्या बोलण्यावर विचार करताना माझ्या लक्षात एक साधा हिशेब आला आणि त्याने मला फार बरं वाटलं. धावणारीला 1/500 हवं. बसलेलीला 1/125 पुरतं. ती ताठ असते, ताणलेली असते, पण हलत नाही, निदान खो येईपर्यंत तरी. 1/500 आणि 1/125 मधला फरक चारपट. एफ 2.8 आणि एफ 5.6 मधला फरकही चारपटच. म्हणजे ज्या उजेडात महागडी लेन्स धावणारी टिपते, त्याच उजेडात, त्याच आयएसओवर, घरातली साधी 55-250 किंवा 70-300 बसलेली टिपू शकते. ज्या बापाने कर्ज काढून दीड किलोची लेन्स घ्यायचं मनात आणलं आहे, त्याच्या बॅगेत लेकीच्या खेळाच्या मोठ्या भागाचा फोटो काढण्याइतकं सामान आधीपासून पडलेलं आहे. फक्त त्याने सामनाभर तिच्यावरच कॅमेरा लावून बसायचं, पळापळ दुसरीकडे चालू असताना मोह आवरायचा, आणि कोपरं जमिनीला टेकवायची. मागचे दोन-चार चौकोन मऊ दिसतील, पलीकडे धावणाऱ्या पायांचा नुसता फराटा येईल. तो फराटा त्या फोटोत हवाच. त्याच्याकडेच तर तिचं लक्ष लागलेलं असतं.

पुढच्या सामन्याला मी हे करून पाहिलं. रंगमंचावर हेच आणखी ठळकपणे जाणवतं.

5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन झाला की सांगलीत नाटकाचं वारं असतं. हौशी नाट्य स्पर्धेच्या तालमी कुणाच्या तरी शाळेच्या हॉलमध्ये, कुणाच्या गच्चीवर चालू असतात, आणि मग भावे नाट्यमंदिरात प्रयोग. स्पर्धेच्या प्रयोगात मी कॅमेरा काढत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने नाटक बघायला वेळ काढलेला असतो, आणि आत आरसा हलणाऱ्या (डीएसएलआर) कॅमेऱ्याचा खटका शांत प्रसंगात चार रांगांपर्यंत ऐकू जातो. रंगीत तालीम ही खरी जागा. प्रकाशयोजना बसलेली असते, वेशभूषा असते, प्रेक्षागृह रिकामं असतं, आणि कुठल्याही रांगेत बसायला मोकळीक असते. आठव्या-दहाव्या रांगेतून, साधारण बारा मीटरवरून, क्रॉप सेन्सरवर 85 ने उभा नट डोक्यापासून पायापर्यंत येतो. 135 ने गुडघ्यापासून वर. 200 ने कंबरेपासून वर, छातीशी आलेल्या हातांसकट. पुढे सरकायला मिळत असेल तर मी चौथ्या रांगेच्या पुढे जात नाही. तिथून रंगमंचाची कड नटांचे पाय कापते आणि सगळ्यांच्या हनुवट्या मोठ्या दिसतात.

नाटकातला उजेड मैदानापेक्षा कमी असतो आणि लबाडही असतो. जुन्या हॅलोजनच्या दिव्यांचा रंग पिवळट, डिमरवर उतरवले की नारिंगी, पण त्यांच्यात माणसाची कातडी माणसाची दिसते. एलईडीचे निळे आणि जांभळे झोत डोळ्यांना देखणे वाटतात, कॅमेऱ्यात मात्र निळा रंग आधी भरून वाहतो आणि चेहऱ्याच्या जागी एक सपाट निळा डाग उरतो. वर यातले काही दिवे लुकलुकत असतात. डोळ्यांना ते कळत नाही. मिररलेसचं (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचं) बिनआवाजी शटर लावलं की फोटोभर आडवे पट्टे उमटतात. त्यामुळे नुसती लेन्स कितीही भारी असली तरी तालमीला आधी दहा मिनिटं बसून नुसता उजेड बघावा लागतो. कुठल्या प्रवेशात चेहऱ्यावर पांढरा किंवा पिवळा झोत आहे, ते मी मनात टिपून ठेवते. एक्स्पोजर हाताने, चेहऱ्यावरून ठरवते. कॅमेऱ्याला ठरवू दिलं तर मागचा काळा पडदा पाहून तो घाबरतो आणि चेहरे पांढरेफटक करून टाकतो. हे सगळं जमल्यावरच एफ 2.8 आणि 1.8 यांच्यातल्या फरकाला काही किंमत येते.

परवाच्या एका तालमीत दोन भाऊ घर विकण्यावरून भांडत होते. सगळा उजेड त्यांच्यावर, सगळी हालचाल त्यांची. आई उजव्या कडेला, झोताच्या अगदी काठावर, सुपात तांदूळ निवडत बसलेली. तिला त्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं. मी 135 तिच्यावर लावली आणि तिथेच ठेवली. बोटं तांदळातून फिरत होती, खडा काढून बाजूला ठेवत होती, पुन्हा फिरत होती. धाकटा म्हणाला, “हिला काय विचारायचंय त्यात?” आणि बोटं थांबली. चेहरा हलला नाही. फक्त अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक दाणा धरलेला राहिला. शटर 1/80 होतं, 2.8 ला, आयएसओ 6400. बाईंनी तो दाणा किती वेळ धरला असेल सांगता येणार नाही, पण मला सावकाश श्वास सोडून बटण दाबायला वेळ मिळाला. लेन्समधल्या स्थिरीकरणाची करामत अशाच ठिकाणी उपयोगी पडते. ते फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप आवरतं. समोरच्याचे पाय त्याला आवरता येत नाहीत, म्हणून मैदानावर त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत आणि नाटकाच्या फोटोंसाठी जरूर मोजावेत.

माझे वडील हौशी नाटकांत कामं करायचे. घरी त्यांचे फोटो आहेत, कृष्णधवल, कडा दातेरी कापलेले. प्रत्येक फोटोत सगळी मंडळी नाटक संपल्यावर सेटसमोर ओळीने उभी आहेत. रंग घामाने ओघळलेला, कुणाच्या हातात गुच्छ, मध्ये अध्यक्ष. वडील बहुधा डावीकडून दुसरे किंवा तिसरे. प्रत्यक्ष काम करतानाचा त्यांचा एकही फोटो नाही. लहानपणी मला याचं काही वाटलं नाही. कॅमेरा हातात आल्यावर कारण कळलं. तेव्हा ‘इंदू’ची किंवा ‘ओर्वो’ची फिल्म असायची, तालुक्याच्या फोटोवाल्याकडे एक 50 ची लेन्स आणि एक फ्लॅश. चालू प्रयोगात पहिल्या रांगेतून फ्लॅश मारणं शोभलं नसतं, आणि मारला असता तरी प्रकाशयोजनेचा चुराडा करून नट भिंतीवर चिकटवल्यासारखे आले असते. 400 ची फिल्म मिळाली तरी तिच्यात जपून छत्तीस फोटो. त्यातला एक, न बोलणाऱ्या नटावर कोण खर्च करणार? वडिलांची कामं बहुतेक अशीच असायची. थोरल्या पात्राचं बोलणं ऐकून घेणाऱ्याची.

मी ती विंगेतून पाहिली आहेत. प्रवेशाआधी ते काळोखात उभे असायचे, एक हात पडद्याच्या घडीवर, मान किंचित तिरकी, आधीच्या नटाच्या शेवटच्या शब्दाकडे कान लावून. मी जवळ उभी आहे हे त्यांच्या गावी नसायचं. शब्द आला की त्यांचा खांदा आधी पुढे जायचा आणि मग पाय. आजच्या कुठल्याही कॅमेऱ्याने, 85 एफ 1.8 ने, विंगेत झिरपणाऱ्या उजेडात तो खांदा सहज टिपला असता. ही लेन्स तेव्हा आपल्याकडे असायला हवी होती, असं मला वाटतं आणि त्यावर इलाज नसतो. आज मी रंगीत तालमीला विंगेत एक फेरी मारतेच. दिग्दर्शकांना आधी विचारून ठेवते, काळे कपडे घालते आणि कॅमेऱ्याची मागची स्क्रीन बंद ठेवते, म्हणजे तिचा उजेड कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही.

आता पैशांचं. 70-200 एफ 2.8 ही लेन्स एवढी वाखाणली जाते ती उगाच नाही. कबड्डी, खो-खो, नाटक, नाच, सगळीकडे ती चालते, बसायची जागा वाईट मिळाली तरी झूम फिरवून निभावता येतं, आणि कमी उजेडातही फोकस पटकन पकडते. हौसेखातर फोटो काढणाऱ्याला ती नवी घेणं बहुधा परवडत नाही, म्हणून लोक जुन्या बाजारात शिरतात. तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. निकॉनची जुनी 80-200 एफ 2.8 डी ही दणकट लेन्स बऱ्याच जणांच्या नजरेत भरते. पण तिच्यात फोकसची मोटर नाही, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि डी 3000 किंवा डी 5000 मालिकेतल्या नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नाही. धावणाऱ्या मुलीवर हाताने फोकस करत बसण्याची वेळ येते. दुसरी गोष्ट बुरशी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू वाढतात. विकणाऱ्यासमोरच मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढून तिरकं पाहावं, अ‍ॅपर्चरची पाती तेलकट आहेत का तेही पाहावं. आणि घेतल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात, हे महत्त्वाचं.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका, हे मी विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांना सांगते. दीड किलोची लेन्स आणि वर कॅमेरा, असं दोन अंकी नाटकभर हातात धरल्यावर दुसऱ्या अंकात मनगट ऐकत नाही. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावला की भार जमिनीवर जातो आणि माणूस शांतपणे एका चेहऱ्यावर थांबू शकतो. मिररलेस वापरणाऱ्यांना आता हलके पर्याय आहेत. सोनीसाठी 2020 मध्ये आलेली टॅमरॉनची 70-180 एफ 2.8 ही 810 ग्रॅमची, आणि 2023 ची निकॉन झेड 70-180 एफ 2.8 साधारण तेवढीच. 200 ऐवजी 180 वर थांबल्याने फार काही बिघडत नाही. आणखी लांबी हवी म्हणून 2 एक्सचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, लांबी दुप्पट करणारा तुकडा, जोडायचा विचार असेल तर रात्रीच्या मैदानासाठी तो मनातून काढून टाका. तो उजेडाचा तीनचतुर्थांश भाग खातो, म्हणजे 2.8 ची लेन्स पुन्हा 5.6 ची होते.

एवढं सगळं ऐकूनही ठरत नसेल तर मी एक काम सांगते, बिनखर्चाचं. आजवर काढलेले खेळाचे आणि रंगमंचाचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कुठल्या एमएमवर, कुठल्या आयएसओवर, किती शटरवर काढला ते लिहिलेलं असतं. आवडलेले फोटो बाजूला काढा आणि त्यांचेच आकडे कागदावर मांडा. मग शहरात जाऊन दोन दिवसांसाठी 70-200 एफ 2.8 भाड्याने आणा, एक रात्र मैदानावर आणि एक संध्याकाळ तालमीत काढा, आणि तो कागद पुन्हा भरा. मी हे केलं तेव्हा माझे आवडते फोटो बहुतेक सगळे 85 आणि 135 च्या दरम्यान निघाले. 200 वर काढलेले चांगले आले होते, पण ते कुणाचेही असू शकले असते. त्यामुळे 300 च्या लेन्ससाठी बाजूला ठेवलेले पैसे मी तिकडे वळवले नाहीत. जुन्या बाजारातली, स्वच्छ काचेची कॅननची 135 एफ 2 घेतली. तिच्यात स्थिरीकरण नाही, तेवढ्यासाठी मी आता खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून बसते. तिचं वजन 750 ग्रॅम आहे आणि ती 85 सोबत माझ्या कापडी पिशवीत मावते.